नाटक आणि कॅमेरा, दोन्हीकडे चरित्र भूमिका करताना

प्रश्न असा आहे: 'बारा वर्षं नाटकांत वडील, काका, वकील, हवालदार अशा भूमिका करतोय. आता मालिका आणि चित्रपटांतून बोलावणी येतात. सेटवर काम नाटकी होतं असं सांगतात, आणि चार महिने शूटिंग करून नाटकात परतलं की मागच्या रांगांना ऐकू जात नाही असं कळतं. दोन्ही सांभाळून चरित्र अभिनेता म्हणून, म्हणजे नायक सोडून अशा भूमिका करणारा नट म्हणून, वर्षानुवर्षं काम करायचं तर नेमकं काय करावं लागतं?'

आधी 'नाटकी' या शेऱ्याबद्दल. तो ऐकला की बहुतेक नट सगळंच आखडतं घेतात. आवाज बारीक, हात खिशात, चेहरा कोरा. त्याने काम सुधारत नाही, माणूस दिसेनासा होतो तेवढा. या शेऱ्यामागचं कारण बहुधा आवाज नसतो. वाक्य यायच्या आधीच त्याचा भाव चेहऱ्यावर येऊन बसलेला असतो. रंगमंचावर ते लागतं, कारण विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकाची नजर तुमच्याकडे वळायला अर्धा क्षण जातो. क्लोजमध्ये, म्हणजे कॅमेरा फक्त चेहऱ्यावर असताना, तोच अर्धा क्षण पाठांतर उघडं पाडतो. यावर उपाय एकच: समोरच्याच्या वाक्यातल्या कोणत्या शब्दावर तुमच्या पात्राचं मन पालटतं तो शब्द शोधायचा आणि संहितेत त्याखाली रेघ मारायची. त्या शब्दापर्यंत फक्त ऐकायचं. दृश्य पाठ करताना स्वतःच्या वाक्यांवर जेवढा वेळ घालवता तेवढाच या रेघा शोधण्यात घालवा, निम्मा नाटकीपणा तिथेच जाईल.

आता मुख्य गोष्ट. नाटक आणि कॅमेरा या दोन वेगळ्या कला आहेत असं सतत सांगितलं जातं, पण चरित्र नटाला दोन्हीकडे पुन्हापुन्हा बोलावलं जातं ते एकाच गुणासाठी: एकदा सापडलेलं काम तसंच्या तसं, ताजं, पुन्हा करता येणं. नाटकात ते शंभराव्या प्रयोगाला लागतं, सेटवर त्याच दृश्याच्या सातव्या अँगलला.

एक उदाहरण जवळून बघू. वडील मुलाला घर विकल्याचं सांगतात, हातात चहाचा कप आहे. वाक्य आहे, 'काल सह्या करून आलो मी. तुझ्या आईला माहीत नाही अजून.' आधी मास्टर लागतो, म्हणजे पूर्ण दृश्याचा सलग शॉट, मग मुलाच्या खांद्यावरून तुमच्यावर सजेशन, मग तुमचा क्लोज, मग कॅमेरा फिरून मुलाचे शॉट. मास्टरमध्ये तुम्ही 'सह्या' या शब्दावर कप उचलला आणि क्लोजमध्ये 'काल'वर, तर संकलकाला ते दोन तुकडे जोडता येत नाहीत. मग तो काय करतो? तुमच्या वाक्यावर मुलाचा चेहरा ठेवतो. काम तुम्ही उत्तम केलेलं असतं, पण पडद्यावर त्या क्षणी तुम्ही नसता. म्हणून मास्टर ओके झाल्याबरोबर संहितेच्या समासात लिहून टाकायचं: 'कप, डावा हात, "सह्या"वर उचलला, घोट घेतला नाही, "अजून"नंतर ठेवला, कान भिंतीकडे.' कंटिन्यूइटी बघणारा सहायक कपडे, घड्याळ, कपातली चहाची पातळी सांभाळतो. कोणत्या अक्षरावर हात हलला हे सांभाळणं तुमचं काम. आणि याच कारणाने मास्टरमध्ये हातांच्या हालचाली दोन-तीनच ठेवा. तालमीत सुचलेल्या सात सुंदर हालचाली सात वेळा तंतोतंत करता येत नाहीत.

मास्टरमध्ये सगळं डोळ्यातलं पाणी खर्च करू नका. तिथे जागा, वेळ आणि हालचाल पक्की करायची. मन मात्र सजेशन आणि क्लोजसाठी राखायचं. पण कॅमेरा सहकलाकारावर गेला की अनेक नट आडवे होतात, मोबाइल काढतात किंवा संवाद नुसता वाचून दाखवतात, ते करू नका. लेन्सच्या शक्य तितकं जवळ उभं राहून त्याच जोराने वाक्यं द्या. तुमच्या वाक्यावर त्याचा चेहरा खरा हलला की तो नट पुढच्या कामात तुमचं नाव सुचवतो.

मार्कवर, म्हणजे थांबण्यासाठी जमिनीवर केलेल्या खुणेवर, पोचण्यासाठी खाली बघायची सवय मोडायची असेल तर उलटं मोजा. आधी शेवटच्या मार्कवर उभं राहा, तिथून पाठमोरं चालत सुरुवातीच्या जागी जा आणि पावलं मोजा. पाच आली की शेवटचं पाऊल ज्या पायाने पडलं त्याच पायाने सुरुवात, पाच पावलांत, त्याच वेगाने. मार्कच्या रेषेत खुर्चीचा हात किंवा दाराची चौकट दिसत असेल तर कोपऱ्यातल्या नजरेने ती धरायची. क्लोजमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघू नका, बुबुळं इकडून तिकडे नाचताना दिसतात. लेन्सच्या बाजूचा एकच डोळा धरा. कडक खळीचा झब्बा, रेशमी साडी, काचेच्या बांगड्या यांचा आवाज कपड्याखालच्या माइकमध्ये संवादापेक्षा मोठा येतो, आणि छातीवर हात मारण्याची नाटकातली सवय तर पूर्ण टेक घालवते. माइक कुठे लावलाय हे ध्वनी सांभाळणाऱ्याला विचारून ठेवावं.

चित्रपट नंतर डब होणार असेल तर एक गोष्ट विसरू नका. सेटवर तुम्ही जिना चढत बोलला असाल तर स्टुडिओत खुर्चीवर बसून तो आवाज येणार नाही. उभं राहा, पोट आवळा, चढतानाचा श्वास आधी आणा, मग शब्द. ओठ जुळले पण श्वास जुळला नाही की ऐकणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं, काय ते सांगता येत नाही.

आता परतीचा प्रवास, म्हणजे मागच्या रांगेला ऐकू न जाणं. यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही शेवटी. 'मी त्या दिवशी त्याच्याकडे गेलो नव्हतो' या वाक्याची शेपटी गिळली की मागे फक्त 'गेलो' पोचतं, आणि अर्थच उलटा होतो. मालिकेत माइक छातीवर असल्यामुळे वाक्याचा शेवट श्वासाबरोबर खाली सोडायची सवय लागते. नाटकात परतल्यावर नट तक्रार ऐकून संपूर्ण वाक्य मोठ्याने बोलू लागतात. मग घसा दुखतो आणि शेवटचे शब्द तरीही पडतातच. तालमीत हे करा: कोणाला तरी रिकाम्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसवा, बोलण्याच्या पट्टीत दहा वाक्यं म्हणा, आणि जिथे शेवटचा शब्द पडेल तिथे त्याला हात वर करायला सांगा. हात कुठे वर जातो ते लिहून घ्या. बहुधा लांब वाक्यांवर जातो, म्हणजे मधला श्वास चुकीच्या जागी आहे. श्वासाची जागा दोन शब्द पुढे-मागे सरकवली की आवाज न वाढवता वाक्य पोचतं. दौऱ्यात रात्रभर बसमध्ये गप्पा मारणं हे घशाचं सर्वांत मोठं नुकसान, प्रयोगापेक्षाही मोठं. आणि आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांनीही गेला नाही तर खडीसाखरेवर भिस्त न ठेवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.

हशाबद्दल थोडं. हशा चढत असताना बोललं की पुढचं वाक्य मरतं, पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं की लय मरते. तो शिखरावरून उतरायला लागला की बोलायचं. दरम्यानच्या काळात पात्राने काहीतरी चालू ठेवायचं: चष्मा पुसणं, पानाला चुना लावणं. आणि मुख्य भूमिकेच्या वाक्यावर येणारा हशा आपल्या हालचालीने खाऊ नका. एका प्रयोगात टाळी मिळेल, पण पुढच्या नाटकाच्या वाचनाला बोलावणं येणार नाही.

भूमिका बांधायची कशी यावर पुष्कळ लिहिलं जातं. चरित्र नटाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी प्रश्न असा: हे पात्र काढून टाकलं तर दृश्यातलं काय कोसळेल? हवालदार नसेल तर आरोपीची भीती दिसणार नाही, असं उत्तर आलं की हवालदाराला मुलं किती, कर्ज किती यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही. भीती निर्माण करणारी एक शांत, रोजची गोष्ट शोधायची. फायलीची नाडी सोडायला तो किती वेळ घेतो, एवढीसुद्धा पुरते.

म्हातारपण हा तर या धंद्यातला रोजचा विषय, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. कमरेत वाकणं, हात थरथरवणं, आवाज कापरा करणं: हे तिन्ही एकत्र आले की व्यंगचित्र होतं. एकच दुखणं निवडा. उजवा गुडघा निवडला तर सगळं शरीर त्याच्या भोवती आपोआप बसतं. असा माणूस जिना चढताना आधी डावा, चांगला पाय टाकतो आणि उतरताना आधी उजवा, दुखरा. खुर्चीतून उठताना तो आधी पुढे सरकतो, पावलं खुर्चीखाली ओढतो, तळवे मांडीवर टेकवतो, उठतो, आणि उभं राहिल्यावर लगेच चालत नाही, एक क्षण तोल बघतो. तो एक क्षण विसरला जातो आणि तिथेच वय उघडं पडतं. वळतानाही तो टाचेवर गर्रकन फिरत नाही, तीन-चार छोटी पावलं घेतो. हे आठवडाभर घरात करून बघा. रंगमंचावर जाईपर्यंत डोक्यातून उतरून पायात गेलं पाहिजे.

दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी'त एकाच प्रयोगात सहा पात्रं केली, प्रभाकर पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मध्ये एकाच माणसाची पाच रूपं. अशा कामात विग आणि पोशाखाकडे लोकांचं लक्ष जातं, पण रूपं वेगळी राहतात ती बोलण्याच्या लयीमुळे आणि श्वास कुठून घेतला जातो त्यामुळे. विग काढून, डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन पात्रं वेगळी ओळखू आली तर काम झालं. घरी रेकॉर्ड करून ही परीक्षा रोज घेता येते.

मिशीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण प्रयोगात सगळ्यात जास्त घात तीच करते. चिकटवण्याआधी ओठावरची जागा ताजी दाढी केलेली आणि तेलरहित हवी. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी होऊ द्या, मेकअपचा बेस त्या पट्टीवर आधी लावू नका. स्पिरिट गमचा (मिशी चिकटवण्याच्या डिंकाचा) पातळ थर द्या आणि बोटाने हलके टकटक करत राहा. बोट उचलताना तार सुटायला लागली की मिशी लावायची, त्याआधी ओली असताना लावली तर घसरते. आधी मधला भाग नाकाखाली बसवा, मग तोंड किंचित उघडं ठेवून दोन्ही टोकं. तोंड मिटून लावलेली मिशी पहिल्या हशाला कोपऱ्यातून सुटते, कारण हसताना ओठ ताणला जातो आणि गम ताणला जात नाही. म्हणूनच ओठांच्या अगदी कोपऱ्यापर्यंत गम नेऊ नये. ओलसर, सूत न सुटणाऱ्या कापडाने अर्धा मिनिट दाबा. घामाने दुसऱ्या अंकात टोक सुटलं तर घाबरून तोंड फिरवू नका, पात्राच्या सवयीने मिशीवरून बोट फिरवा आणि दाबा. म्हणून तालमीतच त्या पात्राला ती सवय देऊन ठेवणं शहाणपणाचं. काढताना ओढू नका, रिमूव्हर किंवा खोबरेल तेल मुरू द्या. दिवसाला दोन प्रयोग असताना ओढून काढलेली मिशी म्हणजे दुसऱ्या दिवशी सोललेला ओठ. कॅमेऱ्यासाठी क्रेपचे (सुटे चिकटवायचे नकली) केस चालत नाहीत, बारीक जाळीवर एकेक केस ओवलेलीच मिशी हवी.

रिप्लेसमेंट हा मराठी नाटकाचा अगदी स्वतःचा विषय. चालत्या नाटकात दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं आणि तालमी मिळतात तीन-चार. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधला बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभा केला. पुढे सतीश दुभाषी, दत्ता भट, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका आपापल्या अंगाने केली. म्हणजे भूमिकेचा अर्थ बदलायला हरकत नाही, पण आधी हालचाली, क्यू आणि प्रकाशाच्या जागा जशाच्या तशा उचला, कारण बाकीच्या सगळ्यांचं काम त्यावर बांधलेलं आहे. पहिले पाच प्रयोग कोणालाही अडखळवू नका. आपला अर्थ त्यानंतर हळूहळू आणा, तोही सहकलाकारांना सांगून. आधीच्या नटाची लकब मात्र पहिल्या दिवसापासून सोडा. प्रेक्षक ती ओळखतो आणि तुलना करत बसतो.

साच्यात अडकण्याची भीती सगळ्यांना असते. निळू फुले यांचं काम या बाबतीत नीट अभ्यासण्यासारखं आहे. लोकनाट्यातून आलेला हा नट १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून चित्रपटांत आला, आणि पुढे बेरकी सरपंच, साखरसम्राट, पाटील या भूमिकांनी लोकांच्या मनात इतका बसला की गावोगावी बायका खऱ्याखुऱ्या घाबरत. त्याच काळात त्यांनी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर केला आणि १९७९च्या 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा सगळं बघणारा, आतून खचत जाणारा पत्रकार. साचा त्यांनी नाकारला नाही, त्याच्यावर घर चालवलं, आणि एका बाजूला साच्याबाहेरचं काम सतत चालू ठेवलं. चरित्र नटासाठी याहून चांगला मार्ग दिसत नाही. तिसऱ्यांदा तोच सरपंच आला तर घ्या, पण त्याची एक गोष्ट बदला, शक्यतो बोलण्याचा वेग. वेग बदलला की बाकीचं आपोआप हलतं.

ललिता पवारांची गोष्ट अधिक कठीण. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्यावर परिणाम झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. त्यानंतर त्यांनी चरित्र भूमिकांमध्ये जो पल्ला गाठला तो अचंबित करणारा आहे. खाष्ट सासू म्हणून ओळख असताना १९५९च्या 'अनाडी'तली मायाळू मिसेस डिसा, आणि पुढे दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा. तो बारीक डोळा त्यांनी लपवला नाही, वापरला. केस पिकले, पोट सुटलं, आवाज जड झाला म्हणून जे नट पाच वर्षं तरुण दिसायच्या खटपटीत घालवतात त्यांची ती पाच वर्षं वाया जातात. चाळिशीत साठीच्या भूमिका घ्यायला लागलात तर साठीला पोचेपर्यंत त्या वयावर तुमचा हात बसलेला असतो.

शेवटी तारखा, कारण कामं अभिनयापेक्षा तारखांमुळे जास्त जातात. नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्यांना, मालिकेचं चित्रीकरण बाकीच्या दिवसांत आणि बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, कमी पडली की शनिवार-रविवारीही. करार करतानाच चालू नाटकाच्या तारखा लेखी द्या. 'रविवारी प्रयोग असतो' असं तोंडी सांगणं पुरेसं नाही, तारीख, गाव आणि वेळ लिहा. घोडबंदर रोडवरच्या सेटवरून दादरच्या शिवाजी मंदिरला रात्रीच्या प्रयोगासाठी पोचायचं तर दुपारीच सुटका हवी, कारण तिसऱ्या घंटेच्या किमान दीड तास आधी मेकअपच्या खुर्चीत बसायचं असतं. सातारा-कोल्हापूरकडे चित्रीकरण असेल आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत प्रयोग असेल तर ती तारीख घेऊच नका. तुम्ही अडकलात तर सत्तर-ऐंशी जणांचं युनिट थांबेल किंवा भरलेलं नाट्यगृह परत जाईल, आणि दोन्हीची आठवण लोक फार वर्षं ठेवतात.

पैशांचंही याच वहीत ठेवा. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, त्याच दिवशी किंवा आठवड्यात हातात येते, मालिकेचं मानधन तीन-तीन महिन्यांनी. म्हणून मालिका सुरू करताना तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. मानधनातून कापलेला १० टक्के टीडीएस तुमच्या पॅनवर खरंच जमा झालाय का हे दर तिमाहीला तपासा.

आणि नवीन करारावर सही करण्याआधी केस आणि दाढी-मिशी यांचं दोन्हीकडे बोलून घ्या. चित्रपटाला खरी दाढी वाढवलेली हवी आणि चालू नाटकात तुम्ही गुळगुळीत हेडमास्तर, हा पेच दरवर्षी कोणाच्या तरी वाट्याला येतोच. अशा वेळी नाटकाच्या दिग्दर्शकाला महिनाभर आधी विचारा, हेडमास्तरला दाढी चालेल का. बऱ्याचदा चालते. नाही म्हणाला तर चित्रपटाच्या मेकअप विभागाकडे जाळीवरची दाढी बनवून मागा आणि लूक टेस्टमध्ये ती लावूनच क्लोज काढायला सांगा, म्हणजे कडा दिसतात की नाही याचा निकाल चित्रीकरणाच्या आधीच लागतो.